चमचाभर विज्ञान : दातही आहेत आणि चणेही



गेल्या अंकातला विरजणाचा लेख वाचून बऱ्याच जणांचे फोन आले. ओव्हनचा नुसता दिवा लावून ठेवला तरी इथल्या थंडीत दही लागतं, हे आता सर्वांना पटलेलं दिसतं. पण त्यातला एक फोन दह्यासाठी नव्हता. आपल्यातल्याच एका कुटुंबातल्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या जबड्याचं ऑपरेशन येत्या सुट्टीत ठरलं आहे. त्याच्या आईने विचारलं, "तू दीड महिना काय खाल्लंस गं?" मी जी सांगत सुटले ती पाऊण तास. शेवटी त्या म्हणाल्या, "हे सगळं लिहूनच काढ ना." म्हणून हा लेख.

आधी नेहमीचा खुलासा. मी डॉक्टर आहे ती रसायनशास्त्राची. मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत मला गुडघा दाखवणाऱ्या काकांना हे अजून पटलेलं नाही. तेव्हा खाली लिहिते आहे तो माझा अनुभव. तुमचा सर्जन सांगेल ते शेवटचं.

माझे वरचे आणि खालचे पुढचे दात लहानपणापासून एकमेकांना भेटतच नव्हते. पेरूचा चावा घ्यायचा तर दाढेने. पोळी चालायची, कारण ती हाताने तोडता येते. इथे आल्यावर सँडविच आणि पिझ्झा यांनी माझी फजिती सुरू केली. पुढे कानाजवळचा सांधा दुखायला लागला आणि नुसत्या तारांनी हे सुधारणार नाही असं निदान झालं. "चांगला चेहरा आहे, कशाला मोडून घेतेस?" असं आई फोनवर रोज म्हणायची. विमा कंपनीलाही आधी हे सौंदर्याचंच काम वाटलं. तिच्याशी चाललेल्या पत्रव्यवहारावर वेगळा लेख होईल, पण तो चमचाभर नसेल. शेवटी ३ ऑक्टोबर २०२३ ला ऑपरेशन झालं.

वरचा जबडा ज्या रेषेत कापतात तिला ल फोर्टचं नाव आहे. चेहऱ्याची हाडं कुठल्या रेषांत मोडतात हे १९०१ मध्ये मांडणारा हा फ्रेंच सर्जन. खालचा जबडा दोन्ही बाजूंना उभा चिरून सरकवतात. मग सगळं टायटॅनियमच्या पट्ट्या आणि बारीक स्क्रूंनी जोडतात. टायटॅनियमवर हवेतच ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तोच त्याला शरीरात गंजू देत नाही, एवढं मी भूल द्यायच्या आधी त्या बाईंना सांगत होते म्हणे. मला आठवत नाही. जाग आली तेव्हा वरचे-खालचे दात रबरबँडांनी एकमेकांना बांधलेले होते. पूर्वी तारेनेच बांधून टाकत. आता रबर असतात, पण उशाशी कात्री ठेवायला सांगतात. उलटी झाली तर आधी रबर कापायचे. ती कात्री मला एकदाही लागली नाही, पण रोज झोपताना ती जागेवर आहे ना हे मी हाताने चाचपून पाहत असे.

सूज तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त होती. तोंडाचा लाल भोपळा झालेला. उशा रचून अर्धवट बसूनच झोपायचं. स्ट्रॉ मना, कारण आतल्या जखमांवर ओढ बसते. ६० मिलीलिटरची मोठी सिरिंज, तिला छोटी मऊ नळी. ती गालाच्या आतून दाढांच्या मागे सरकवायची आणि हळूहळू दाबायचं. एक कप संपवायला चार सिरिंजा आणि वीस मिनिटं लागत.

आता खरी गोष्ट इथे सुरू होते, आणि त्यात माझी हुशारी काही दिसत नाही. पहिला आठवडाभर आमच्या घरी जे जे पातळ ते ते आलं. टोमॅटोचं सार, डाळीचं वरचं पाणी, सफरचंदाचा रस, ताक. नवरोबा दर दोन तासांनी सिरिंज भरत होते. मंडळातल्या मैत्रिणींनी सूपांचे डबे पाठवले. पोट कायम टम्म आणि तरी भूक. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. नवव्या दिवशी वजन केलं तर ८ पौंड कमी! त्या रात्री मी वही घेऊन बसले आणि प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी करायला हवा तो हिशोब केला. ज्या प्रक्रियेत एखादा घटक सर्वांत आधी संपतो त्याला आम्ही लिमिटिंग रीएजंट म्हणतो. बाकीचे कितीही ओता, माल त्याच्याच प्रमाणात मिळतो. माझ्याकडे अन्न भरपूर होतं, पैसे होते, माणसंही होती. कमी होता तो वेळ. आठ कप म्हणजे जवळजवळ तीन तास सिरिंज तोंडात. त्याहून जास्त एका दिवसात माझ्याने होत नव्हतं. आणि त्या मोलाच्या आठ कपांत मी काय भरत होते, तर पाणी!

पातळ आणि पाणचट हे दोन वेगळे शब्द आहेत हे मला पीएचडीने शिकवलं नाही.

मग पाणी काढायला सुरुवात केली. साय न काढलेलं दूध एक कप घेतलं तर सुमारे १५० कॅलरी आणि ८ ग्रॅम प्रथिनं. त्यातच पाव कपाहून थोडी जास्त दुधाची भुकटी विरघळवली की प्रथिनं जवळपास दुप्पट, आणि दूध तरी सिरिंजमधून सहज जातं. वर मोठा चमचाभर साजूक तूप म्हणजे आणखी १२० च्या आसपास. तूप मला फार उपयोगी पडलं, कारण स्निग्ध पदार्थ ग्रॅमला ९ कॅलरी देतात आणि बाकीचे दोघे ४. मुगाची डाळ मात्र भरपूर शिजवून, मिक्सरमधून काढून, गाळणीतून दोनदा गाळायची. पाव कप कोरड्या डाळीत १२ ग्रॅम प्रथिनं असतात. वरचं पाणी घेऊन डाळ खाली ठेवणं म्हणजे लग्नाला जाऊन अक्षता घेऊन परत येणं.

पेजेची अडचण वेगळी होती. तांदळाचं पीठ वाढवलं की पेज घट्ट होते आणि सिरिंज तुंबते. पिठातला स्टार्च शिजताना पाणी पिऊन फुगतो, त्याला इलाज नाही. इथे आठवली आजी. आमच्याकडे लहान मुलांना मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं पीठ देत. आई उन्हाळ्यात आली तेव्हा आणलेली त्याची पिशवी फ्रीझरमध्ये पडून होती. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं. ते स्टार्चच्या लांब साखळ्या कापतं. आपल्या लाळेतही त्याचंच भावंडं असतं.

म्हणून चमचा उभा राहील अशी घट्ट पेज केली आणि चमचाभर नाचणीचं पीठ घातलं. काहीच झालं नाही! कारण पेज उकळत होती आणि त्या उष्णतेत विकराचा जीव गेला. दुसऱ्या दिवशी थर्मामीटर लावला. पेज १४० फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे ६० सेल्सियसपर्यंत, निवू दिली, पीठ घालून ढवळलं आणि झाकून ठेवली. दहा मिनिटांनी नवऱ्याने झाकण काढलं आणि ओरडलाच, "अगं, पाणी कोणी घातलं?" कोणीच नाही. तीच पेज, तेवढंच पीठ, पण ओघळणारी, आणि किंचित गोड. मग पुन्हा उकळी आणून, कारण कच्चं पीठ तसंच घ्यायचं नाही, मलमलच्या फडक्यातून गाळून घेतली. त्या दिवसापासून वजनाची घसरण मंदावली आणि चौथ्या आठवड्यात थांबली. एकूण १३ पौंड गेले. "बारीक झालीस, छान दिसतेस," असं मला जेवढ्या जणींनी सांगितलं त्यांना मी लिहून उत्तर देऊ शकले असते. दिलं नाही.

थर्मामीटरचा दुसरा उपयोग मी उशिरा शिकले. खालच्या जबड्यातून जाणारी नस दुखावल्यामुळे ओठ आणि हनुवटी बधिर असतात. माझी हनुवटी पाच महिने बधिर होती आणि एक ठिपका अजून आहे. एकदा कढण ओठावरून ओघळलं ते मला कळलंच नाही. लेकीने विचारलं, "आई, तुझी हनुवटी लाल का?" तिथे फोड आला होता. तेव्हापासून कोमट म्हणजे किती हे मी अंदाजावर सोडलं नाही. लिंबू, चिंच, कोकम आणि तिखट यांची पहिले तीन आठवडे आठवणही काढू नका.

चूळ भरायला क्लोरहेक्झिडीन देतात. त्याचा रेणू धन भाराचा आणि टूथपेस्टमधला फेस करणारा ऋण भाराचा, त्यामुळे दोघं एकमेकांना निकामी करतात. मध्ये अर्धा तास जाऊ द्या. त्यावर लगेच चहा घेतला तर दात तपकिरी दिसतात, तेही ध्यानात असू द्या. आणि पातळ औषधांत गोडीसाठी सॉर्बिटॉल असेल तर पोट बिघडू शकतं. मी उगीच दुधाला दोष देत होते.

पंचविसाव्या दिवशी, २८ ऑक्टोबरला, कोजागरी होती. मी येणार नव्हतेच. पण एक काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, "अगं, वर्षातून एकच सण आपण पितो, आणि त्याच दिवशी तू घरी बसणार?" भारतात त्या रात्री खंडग्रास चंद्रग्रहण होतं आणि आईने दुधाबद्दल कडक सूचना दिल्या होत्या. इथे चंद्र उगवेपर्यंत ग्रहण सुटून गेलं होतं, हे मी तिला लिहून कळवलं. काकूंनी माझ्यासाठी बदाम-पिस्ते गंधासारखे वाटले होते, चारोळी वगळली होती आणि दूध फडक्यातून तीनदा गाळलं होतं. मी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून सिरिंज भरली. केशर-जायफळाचा वास मात्र गाळता येत नाही.

त्या संध्याकाळी दुसरंही काही कळलं. बोलता येत नसलं की लोक आपल्याशी मोठ्याने बोलतात, किंवा नवऱ्याला विचारतात, "त्यांना बरं वाटतंय का?" मी शेजारीच बसलेली असते! भुकेपेक्षा हे जड गेलं, असं आता वाटतं. त्याला अपवाद होता बालवर्ग. रविवारचा वर्ग बंद ठेवायचा नाही म्हणून मी पांढरा फळा घेऊन गेले आणि सगळं मराठीत लिहीत राहिले. एरवी मी बोलते मराठीत आणि मुलं उत्तर देतात इंग्रजीत. आता मी काय म्हणते हे कळायला वाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं. नऊ वर्षांचा एक मुलगा माझा आवाज झाला. मी लिहायची, तो अडखळत मोठ्याने वाचायचा, "ग-प्प ब-सा." वाचून झाल्यावर सर्वांत मोठ्याने हसायचा तोच. असे चार रविवार गेले.

दिवाळीच्या कार्यक्रमात चिवड्याच्या पिशव्या मी मोजल्या, खाल्ल्या नाहीत. सहा आठवडे पाडव्याला, १४ नोव्हेंबरला भरले. सकाळी सर्जनने मऊ खायला परवानगी दिली आणि दुपारी गुरगुट्या भात, मेतकूट, तूप. वाटीभर भाताला चाळीस मिनिटं लागली. जबडा चावायचं विसरला होता आणि जिभेला शीत कुठे ढकलायचं ते सुचत नव्हतं. लेक समोर बसून होती. तिने तिच्या ताटातला चकलीचा तुकडा माझ्यापासून लपवून टेबलाखाली खाल्ला. चकलीला मला फेब्रुवारी उजाडला.

न वापरलेल्या सिरिंजा, बारीक गाळणी, धुतलेली फडकी आणि थर्मामीटर असा एक खोका मंडळाच्या कपाटात, सतरंज्यांच्या वर ठेवला आहे. ज्यांना लागेल त्यांनी न विचारता न्यावा. डबा देणाऱ्यांनी डब्यावर तारीख लिहावी आणि गाळलेलं आहे की नाही तेही लिहावं. पांढरा फळा मात्र खोक्यात नाही. तो बालवर्गाने परत दिलेला नाही.

पुढच्या अंकात: साबुदाण्याची खिचडी चिकट का होते?