हातची कला आणि हाताचे मोल



कापूस वेचणीचे दिवस भरात आले की आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील गावे दिवसभर ओस असतात आणि दिवेलागणीला पुन्हा जागी होतात. अशाच एका सायंकाळी आमच्या धर्मग्रामातील एक माउली आपल्या सतरा वर्षांच्या कन्येला हाताशी धरून माझ्या ओसरीवर आली. तिच्या दुसऱ्या हातात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. तो तिने माझ्यापुढे उघडून ठेवला. आत रंगीत मणी होते, शिंप्याकडून मागून आणलेल्या चिंध्या होत्या, दोऱ्याची रिळे होती, आरशाच्या लहान टिकल्या होत्या, आणि तळाशी अर्धवट शिवलेली एक पिशवी होती.

"फादर, हिला जरा समज द्या," माउली म्हणाली. "घरात कापसाचे ढीग पडले आहेत, डोक्यावर बँकेचे कर्ज आहे, थोरलीच्या लग्नातल्या सोन्याचे देणे अजून फिटलेले नाही, आणि ही रात्र रात्र मणी ओवत बसते. बाजारात अशा माळा ढिगाने मिळतात. हा कसला मेला छंद? याने पोट भरते का?"

मुलगी मान खाली घालून उभी होती. मी काही बोलण्याच्या आतच ती हळूच म्हणाली, "माय, नाताळच्या वेळी वेदीवरचे वस्त्र मीच शिवले होते ना? तेव्हा तू नाही म्हणाली नाहीस."

त्यावर माउलीने माझ्याकडे पाहिले. "होय, तेही खरेच. महिनाभर रात्री जागून तिने ते शिवले. सगळ्यांनी वाखाणले. पण दोऱ्याचे पैसे मात्र आम्हीच दिले, फादर."

वाचकहो, मला उत्तर सुचले नाही. त्या वस्त्राबद्दल मी व्यासपीठावरून मुलीचे आभार मानले होते आणि तेवढ्यावर माझे कर्तव्य संपले असे समजलो होतो. दोरा कोणाचा, तेल कोणाचे, जागरण कोणाचे, हे विचारण्याची बुद्धी मला झाली नव्हती. "थोडे दिवस द्या, मग बोलू," एवढेच सांगून मी त्यांना निरोप दिला. त्यानंतर या विषयाचा जो शोध घेतला, तो आज आपणांपुढे ठेवीत आहे.

आमच्या या डोंगराळ मुलुखाला हातच्या कलेचे मुळीच वावडे नाही. उटनूरच्या पुढे, जैनूरच्या परिसरात, उशेगाव नावाचे एक लहानसे गाव आहे. २०१६ साली जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तेव्हा हे गाव कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले. परंतु तेथील कलेला जग अजूनही 'आदिलाबाद डोकरा' याच नावाने ओळखते, आणि २०१८ साली तिला याच नावाने भौगोलिक मानांकनही मिळाले. वोज समाजाचे कारागीर पिढ्यान् पिढ्या आपल्या गोंड शेजाऱ्यांच्या देवकार्यासाठी आणि अंगावरच्या लेण्यांसाठी पितळेचे हे ओतकाम करीत आले आहेत.

त्याची रीत ऐकण्यासारखी आहे. प्रथम मातीचा गाभा घडवून वाळवितात. मग मेणाचे सुतासारखे बारीक धागे ओढून ते त्या गाभ्यावर गुंडाळतात. वेलबुट्टी, दाणे, कडा, जी नक्षी दागिन्यावर हवी ती सगळी आधी मेणात उतरते. त्यावर मऊ मातीचा लेप, आणि त्यावर जाड्याभरड्या मातीचा दुसरा लेप देतात. मेणाने बाहेर पडावे आणि धातूने आत शिरावे म्हणून एक वाट ठेवलेली असते. साचा भट्टीत तापला की मेण वितळून जाते आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेत पितळेचा रस भरतात. निवल्यावर साचा फोडावा लागतो. त्यामुळे एका साच्यातून एकच वस्तू निघते. तिच्यासारखी दुसरी हवी असेल तर पुन्हा माती मळण्यापासून आरंभ.

ही विद्या फार जुनी आहे. मोहेंजोदडो येथे १९२६ साली नर्तिकेची जी वीतभरही नसलेली मूर्ती सापडली, ती सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी याच रीतीने ओतलेली. आपल्या दख्खनमध्ये कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला, त्यातही मेणाचा पुतळा करून मूर्ती ओतण्याचा विधी सांगितला आहे. राजाच्या ग्रंथात जिला जागा मिळाली ती विद्या आमच्या रानातल्या कारागिराने हातांच्या आधारे जपली. अशा वस्तूला बाजारातल्या यंत्राच्या मालाशेजारी ठेवून "ही इतकी महाग का?" असे आपण विचारतो, तेव्हा एका फोडलेल्या साच्याची किंमत आपण हिशेबात धरलेली नसते.

दुसरे उदाहरण सुईदोऱ्याचे. आदिलाबादच्या आसपास लमाण समाजाचे, त्यांत मथुरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्यांचेही, तांडे आहेत. तेथील बायकांची काचळी, घागरा आणि डोईवरची ओढणी पाहिली की डोळे निवतात. रंगीत दोऱ्यांचे भरतकाम, आरसे, कवड्या, नाणी यांनी कापडाचा तसू न् तसू भरलेला असतो. हे काम मूळचे विकण्यासाठी नव्हते. आईने लेकीला शिकवावे, लेकीने आपल्या लग्नासाठी आपल्याच हाताने शिवावे, अशी ती परंपरा. आरसा लावण्याची त्यांची युक्ती मला फार आवडते. आरशाला भोक नसते, म्हणून तो थेट शिवता येत नाही. त्याच्यावरून आडवे-उभे दोरे घालून आधी एक चौकट बांधावी लागते, आणि त्या चौकटीला धरून सभोवती काज-टाका घालीत जावे लागते. काचेला कोठेही इजा न करता तिला कापडावर बसविण्याची ही रीत कोण्या शाळेत जन्मली नाही.

याच समाजाच्या भगिनींनी शेजारच्या कर्नाटकात या कलेला पोटाचे साधनही केले आहे. संडूर येथील लमाणी भरतकामाला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. जुलै २०२३ मध्ये हंपी येथे जी-२० राष्ट्रांची बैठक भरली, तेव्हा तेथे ४५० हून अधिक लमाणी भगिनींच्या हातच्या १,७५५ वस्तू एकत्र मांडून जागतिक विक्रमाची नोंद झाली. तेव्हा "याने पोट भरते का?" या प्रश्नाला "कधी कधी भरते" असे उत्तर देता येईल.

परंतु येथेच सावध व्हावयास हवे. आंध्र प्रदेशात, पश्चिम गोदावरी जिल्ह्यात, नरसापूर नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनरी कुटुंबांतील स्त्रियांनी तेथील गरीब बायकांना क्रोशाची लेस विणण्यास शिकविले. हेतू चांगला होता. पुढे त्या लेसचा मोठा व्यापार झाला आणि ती परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्या बायकांचा अभ्यास करून १९८२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना काय आढळले? बायका दिवसाचे कित्येक तास विणीत होत्या आणि त्यांच्या हाती पडणारी मजुरी अत्यंत तुटपुंजी होती. नफा व्यापाऱ्यांच्या घरी जात होता. आणि याला सबब कोणती? तर या काही कामकरी बायका नव्हेत, घरंदाज गृहिणी आहेत, फावल्या वेळात विणतात! 'फावला वेळ' या दोन शब्दांनी हजारो हातांची मजुरी खाऊन टाकली.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि मला त्या वेदीवरच्या वस्त्राची आठवण झाली. मीही तेच केले होते. "मुलीला आवड आहे, आनंदाने करते," असे म्हणून तिच्या महिनाभराच्या रात्री मी फुकट घेतल्या होत्या. देवाच्या कामाचे नाव पुढे केले म्हणून हिशेब सुटत नाही.

पुढच्या रविवारी मी मायलेकींना बोलाविले. प्रथम दोऱ्याचे आणि तेलाचे पैसे दिले, मग मजुरीचे. माउली संकोचली. "देवाच्या कामाचे पैसे कसे घ्यायचे, फादर?" मी म्हणालो, "बाई, अर्पण कोणाला म्हणावे? जे देणाऱ्याने स्वखुशीने दिले त्याला. मी तर विचारलेच नव्हते. आता पैसे हातात घ्या. त्यांतले काही पेटीत टाकावेसे वाटले तर तो तुमचा निर्णय." तिने पैसे कमरेला खोचले आणि पेटीकडे वळूनही पाहिले नाही. मला त्यात वावगे वाटले नाही.

मग त्या मुलीशी जे बोललो, ते आपल्या घरोघरच्या मुलींसाठी, आणि मुलांसाठीही, येथे लिहितो.

बाळ, छंद आणि काम या दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. त्यांची सरमिसळ मात्र होऊ देऊ नकोस. आपल्या आनंदासाठी किंवा आपल्या माणसासाठी काही करशील तेव्हा तास मोजू नकोस. उसवावे लागले तर उसव, पुन्हा शीव. पण दुसरा कोणी "मला असे करून दे" म्हणाला, की तो क्षण कामाचा. तेव्हा दोरा किती लागला, मणी किती लागले आणि तास किती गेले हे वहीत लिही, आणि किंमत सांगताना मान खाली घालू नकोस. कापूस वेचणारी बाई किलोमागे मजुरी मागताना लाजत नाही. सुईने का लाजावे?

दुसरे असे की, काम कच्चे करू नकोस. नवे सुती कापड शिवण्यापूर्वी पाण्यात भिजवून वाळवून घे, म्हणजे ते मागाहून आटणार नाही. रंगीत चिंधी पांढऱ्यावर जोडण्याआधी तिचा रंग जातो का ते पाहा. मणी ओवताना दोरा दुहेरी घे आणि त्यावरून मेणाचा खडा फिरव. दोन मण्यांच्या मध्ये गाठ घाल. दोरा तुटला तरी एखादाच मणी सुटेल, सगळी माळ सांडणार नाही. आपले पटवेकरी मोती गाठवितात ते याच रीतीने.

तिसरे, ज्याचे त्याला दे. लमाणी आरसाकाम शिकलीस तर ते कोणाचे हे सांगायला विसरू नकोस. उशेगावच्या घुंगराला माळेत ओवणार असशील तर कारागिराने सांगितलेली किंमत घासाघीस न करता दे. तुझ्या श्रमाचे मोल तुला हवे असेल, तर दुसऱ्याच्या श्रमाचे मोल आधी तुझ्या हातून गेले पाहिजे.

माउलीलाही दोन शब्द सांगितले. अभ्यास आधी, यात शंका नाही. मुलीने ते कबूल केले आणि रविवारची दुपार व रोजचा अर्धा तास एवढ्यावर समझोता झाला. पण थोरलीच्या सोन्याचे देणे अजून फिटत नाही आणि धाकटी मण्यांची माळ घालून खुशीत असते, यात कोणाकडून कोणी शिकावे? लग्नात अंगभर सोने नसले तर चार लोक चार दिवस बोलतील. कर्ज मात्र चार हंगाम बोलत राहते. माउलीने यावर उत्तर दिले नाही. तिने डब्यातली ती अर्धवट पिशवी उचलली, टाके निरखून पाहिले, आणि म्हणाली, "हा गहू-टाका चुकतो आहे ग. माझी आई गोधडीला घालायची तो असा नव्हता." आणि तेथेच ओसरीवर बसून तिने सुई हाती घेतली.

त्या गोष्टीला आता काही महिने झाले. मुलीच्या वहीत तीन-चार गिऱ्हाइकांचे हिशेब आहेत. रकमा लहानच आहेत. कर्ज फिटण्याइतके त्यातून काही मिळत नाही, आणि मिळेल असे मी कोणाला सांगणारही नाही. कापसाचा भाव पडला तर घराची ओढाताण तशीच राहते. मात्र त्या घरी दिवेलागणीनंतर दोघी एका दिव्याखाली शिवायला बसतात, एवढा फरक झाला आहे.

मागच्या आठवड्यात माउली मिस्साला आली तेव्हा तिच्या गळ्यात लाल मण्यांची, प्रत्येक मण्यापाशी गाठ घातलेली, एक पोत होती. मी मुलीला सहज विचारले, "याचे किती लावलेस?" तिने माझ्याकडे आश्चर्याने पाहिले आणि म्हणाली, "फादर, ही मायची आहे. ही वहीत नाही."

आपल्या घरीही असा एखादा डबा असेल. त्यावर रागावण्यापूर्वी एकदा उघडून पाहावा, ही विनंती.