मासळीबरोबर मिळणारी पाककृती

नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यांतून सोनेरी नारळ मिरवत निघतो, होड्यांवर पताका चढतात आणि घराघरांत गूळ-नारळाचा वास सुटतो. ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यासाठीही हा वर्षातला मोठा दिवस. यांत्रिक बोटींवरची पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते, त्यामुळे कायद्याच्या हिशेबाने बोटी १ ऑगस्टलाच सुटू शकतात. तरीही दर्याला नारळ दिल्याशिवाय कोळ्याचा हंगाम मनातून सुरू होत नाही.

या दिवशी पुरवण्यांतून नारळीभाताची कृती दरवर्षी येते, ती यावीच. आम्हांला मात्र या निमित्ताने दुसऱ्या स्वयंपाकाबद्दल लिहायचे आहे. पावसाळ्याच्या दोन महिन्यांत ताजी मासळी कमी आणि महाग असते. तेव्हा डब्यातल्या सुकटीवर घरोघरी जे शिजते, त्याची कृती कुठे छापून येत नाही. सणाचे पदार्थ टिकतात, कारण सणच दरवर्षी त्यांची आठवण करून देतो. रोजचे, दहा मिनिटांत होणारे पदार्थ ‘यात काय सांगायचंय’ म्हणून सोडून दिले जातात आणि करणारी बाई गेली की तिच्याबरोबर जातात. म्हणून घरच्या सोप्या पाककृती एकमेकांना सांगितल्या पाहिजेत, आणि हातचे न राखता पूर्ण सांगितल्या पाहिजेत, असे आमचे मत आहे.

पाककृती सांगण्याची मुंबईतली सर्वांत खात्रीची जागा म्हणजे मासळीबाजार. कोळीण नुसती मासळी विकत नाही. गिऱ्हाईक नवखे आहे, हे तिला त्याने वाट्याला हात कसा लावला यावरूनच कळते. ‘पयल्यांदा नेतेस ना गो? मंग ऐक,’ अशी सुरुवात होते आणि सुक्या जवळ्याचा वाटा कागदात बांधता बांधता सगळी कृती सांगून होते. ‘कांदा भरपूर घाल. पानी अजिबात नको. मीठ शेवटाला, चाखून.’ या तीन वाक्यांत एक अख्खा पदार्थ आहे, आणि त्यातले प्रत्येक वाक्य नवखी बाई नेमकी कुठे चुकेल हे ओळखून सांगितलेले आहे.

ती कृती इथे पुरती लिहून ठेवतो. वाटीभर सुका जवळा निवडून घ्यावा आणि तव्यावर कोरडाच भाजावा. तो हाताला कुरकुरीत लागू लागला की चाळणीत हलवून बारीक कचरा आणि तुटलेल्या मिशा काढून टाकाव्यात. पाण्यातून दोनदा झटपट काढून घट्ट पिळावा. पाण्यात भिजत ठेवला तर त्याची चवच पाण्यात जाते. एका वाटीला दोन मोठे कांदे लागतात, आणि इथे हात आखडायचा नाही, कारण या पदार्थाचा ओलावा आणि गोडवा दोन्ही कांद्यातूनच येतात. तेलात ठेचलेला लसूण लाल करावा, त्यावर कांदा मऊ होईपर्यंत परतावा, मग हळद, घरचा कोळी मसाला किंवा लाल तिखट, जवळा आणि दोन आमसुले. चार-पाच मिनिटे मंद आचेवर परतले की झाले. जवळा मुळातच खारट असतो, म्हणून मीठ शेवटी. वरून कोथिंबीर, सोबत तांदळाची भाकरी.

ही कृती इतकी आटोपशीर का, याचेही कारण आहे. कोळणीचा दिवस पहाटे भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकवर लिलावाला उभे राहण्यापासून सुरू होतो. मग बर्फ, टेम्पो, बाजार, उन्हात चार-पाच तासांची बैठक. घरी आल्यावर तिला वाटण घालत बसायला वेळ नसतो. वर्षाचा मसाला उन्हाळ्यात एकदाच कुटून बरणीत भरायचा आणि रोज लसूण, मसाला, चिंच किंवा आमसूल एवढ्यावर कालवण उभे करायचे. आज नोकरी करून संध्याकाळी लोकलमधून घरी पोचणाऱ्या प्रत्येक बाईला आणि पुरुषाला हवी आहे ती हीच युक्ती. कोळणींनी ती कितीतरी आधी बसवली आहे. तिला ‘साधा स्वयंपाक’ म्हणून बाजूला सारणे आम्हांला मान्य नाही.

मराठीत पाककृती छापण्याची परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली आले. सारस्वत महिला समाजाने १९४३ साली ‘रसचंद्रिका’ काढली आणि एका समाजाच्या घराघरांत विखुरलेले ज्ञान एका पुस्तकात बांधले. १९७० साली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली आणि नव्याने संसार मांडणाऱ्या मुलींच्या कितीतरी पिढ्या तिच्या आधाराने स्वयंपाक शिकल्या. ‘रुचिरा’चे मोठेपण तिच्या मापात आहे. कमलाबाईंनी वाटी आणि चमचा हे माप धरले, जे प्रत्येक घरात होतेच. ‘अंदाजाने घाला’ हे वाक्य शिकणाऱ्याला निराधार करते, हे त्यांना कळले होते. पण या सगळ्या छापील वैभवात खाडीकाठच्या स्वयंपाकाचा वाटा थोडा आहे. कोळी कालवण हॉटेलच्या पाटीवर आले आहे, पण कोळीवाड्यातले रोजचे जेवण अजून बऱ्याच अंशी तोंडीच आहे.

ट्रॉम्बेत हा प्रश्न अधिकच जवळचा होतो, कारण इथे थोड्या अंतरात कितीतरी प्रांतांच्या चुली आहेत. मूळचा कोळीवाडा खाडीला लागून. १९५४ साली इथे अणुशक्ती संस्था उभी राहिली, जी १९६७ पासून भाभा अणुसंशोधन केंद्र या नावाने ओळखली जाते. तिच्यामागून देशभरातून आलेल्या शास्त्रज्ञ आणि कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांनी अणुशक्तीनगर भरले. १९७६ साली जनता कॉलनी ही वस्ती उठवली गेली आणि तिथल्या माणसांना चिता कॅम्पमध्ये वसवले गेले; त्यांत तमिळ घरे पुष्कळ. आता सुकी मासळी घ्या. तमिळ घरात करुवाडूचे चिंच घातलेले कुळंबू होते, त्यात वांगे पडते. पूर्व बंगालकडून आलेल्या घरात शुटकी होते, तिच्यातही वांगे. आणि आपल्या कोकणी घरात सोडे म्हटले की वांगे-बटाटा ठरलेला. तीन घरांनी एकमेकांना न विचारता एकच उत्तर काढले आहे, कारण वांगे सुकटीचा उग्रपणा आणि खार शोषून घेते आणि स्वतः चविष्ट होते. हे शेजारी एकमेकांच्या स्वयंपाकघरात पाच मिनिटे उभे राहिले, तर प्रत्येकाच्या घरी दोन नवी कालवणे येतील.

ट्रॉम्बेचे नाव तसेही महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात आहेच, फक्त ते कोणाला ठाऊक नसते. अणुसंशोधन केंद्राने अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर विकसित केलेला ‘टॅग-२४’ हा भुईमुगाचा वाण आणि ‘टीएयू-१’ हा उडदाचा वाण, या दोन्हींतला ‘टी’ म्हणजे ट्रॉम्बे आणि ‘ए’ म्हणजे अकोला. उपवासाच्या खिचडीतला दाण्याचा कूट, उडदाचे घुटे, यांच्यामागे ट्रॉम्बेच्या डोंगराच्या पायथ्याशी झालेले काम असू शकते, ही गोष्ट आम्हांला फार अभिमानाची वाटते.

आता ‘पूर्ण सांगा’ या मुद्द्याकडे. पाककृती देताना एखादा जिन्नस राखून ठेवण्याची सवय आपल्याकडे आहे. त्याहून अधिक आढळते ते कारण न सांगणे, आणि ते बहुतेकदा नकळत होते. नारळीभाताचेच पाहा. वाटीभर तांदूळ, वाटीभर खोबरे, पाऊण ते एक वाटी गूळ, तूप, लवंगा, वेलची एवढे सांगून कृती दिली जाते. घेणारी घरी जाऊन गुळाच्या पाण्यातच तांदूळ शिजवायला घालते आणि शिते टचटचीत राहतात. खरी गोम अशी की गुळात तांदूळ मऊ होत नाही. भात आधी पूर्ण, पण मोकळा शिजवायचा, परातीत पसरून गार करायचा, मगच गूळ-खोबऱ्यात घालून मंद आचेवर मुरवायचा. देणारीच्या हाताला हे इतके सवयीचे झालेले असते की सांगायचे राहून जाते. म्हणून जिन्नस सांगताना काय बिघडू शकते तेही सांगावे. बाजारातली कोळीण तेच करते.

शेवटी एका मासळीबद्दल, कारण तिच्यासाठी वेळ फार नाही. निवटी ही खाजणाच्या चिखलात बिळे करून राहणारी छोटी, गुळगुळीत मासळी. ठाण्याच्या खाडीकाठचे कोळी आणि आगरी तिचे तिखट-आंबट कालवण पिढ्यान्‌पिढ्या खात आले. पन्नासच्या दशकापासून या किनाऱ्यावर तेलशुद्धीकरण कारखाने, वीजकेंद्र आणि पुढे खत कारखाना आला. शहराचे सांडपाणी खाडीत उतरत राहिले, भराव पडले. खाडीचा एक भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाला आणि २०२२ साली रामसर स्थळांच्या यादीत आला, ही चांगलीच गोष्ट. पण खाडीवर पोट असलेल्या माणसांच्या जाळ्यात पूर्वीसारखे काही येत नाही, हे कोळीवाड्यात कोणीही सांगेल. मासळी मिळेनाशी झाली की ती साफ करण्याचे, निवडण्याचे, शिजवण्याचे ज्ञान वापराविना पडते आणि एका पिढीत पुसले जाते. खाडी सुधारण्याची लढाई मोठी आहे, ती लढलीच पाहिजे. तोवर कृती तरी हातची जाऊ देऊ नये.

ती लिहून घेणे कठीण नाही. कोळीवाड्यातल्या मुलींनी, सुनांनी, आणि मासळी धुवायला लाजत नाहीत त्या मुलांनी या पौर्णिमेला घरातल्या आजीजवळ वही घेऊन बसावे. निवटी कोणत्या भरतीला चांगली मिळायची आणि कोणत्या महिन्यात ती भरलेली असते, ते विचारावे. तिचा बुळबुळीतपणा घालवायला मीठ चोळायचे की आणखी काही, लसूण ठेचून की कापून, चिंचेचा कोळ उकळी यायच्या आधी की नंतर, भांडे मातीचे की जर्मनचे, ढवळायचे की नुसते भांडे हलवायचे, हेही. आजी ‘अंदाजाने’ म्हणाली, तर तिच्या मुठीतला मसाला चमच्याने मोजून घ्यावा आणि तो आकडा वहीत लिहावा. शेवटच्या ओळीत आजीचे नाव आणि तिला ही कृती कोणी शिकवली त्या बाईचे नाव घालावे. मग त्या पानाची एक प्रत अणुशक्तीनगरातल्या आणि चिता कॅम्पातल्या ओळखीच्या घरी पोचवावी, आणि त्यांच्याकडचे एक पान मागून आणावे.