मंडईची रजा

कुणाला तिकिटं जमवण्याचा नाद असतो, कुणाला जुनी नाणी. आमच्या शेजारच्या नानांनी तर आगपेट्यांची रिकामी खोकी जमवून माडीवरची एक अख्खी खोली अडवली आहे. मला नाद आहे शब्दांचा. या नादाला पैसा पडत नाही, जागा लागत नाही, वाळवी लागलीच तर एका वहीला लागते, आणि घरातली माणसं कटकट करीत नाहीत; निदान नानांच्या घरातल्याइतकी तरी नाही. पण हा नाद मला व्यासंगातून लागला असं समजू नका. तो फजितीतून लागला, आणि ती फजिती ऐन दिवाळीतली, म्हणून दिवाळी अंकात सांगायला हरकत नाही.

१९९४ साली बँकेने माझी बदली पुण्याहून चंद्रपूर जिल्ह्यात केली. शाखा ब्रह्मपुरीच्या बाजूला. वैनगंगा ओलांडली की पलीकडे गडचिरोली जिल्हा. १९८२ सालापर्यंत तोही चंद्रपुरातच होता. निरोप द्यायला आलेल्या प्रत्येकाने वाघाची चौकशी केली. मी म्हणालो, "वाघाचं वाघ बघून घेईल. भाषेची तर अडचण नाही ना? मराठीच मुलूख आहे." हे वाक्य मला पुढे फार दिवस पुरलं.

पहिली दिवाळी. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा कारकून टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"साहेब, उद्या रजा पाहिजे. गावी मंडई आहे."

आता पुण्याच्या माणसाला मंडई म्हटलं की काय आठवणार? मी म्हणालो, "अहो, भाजी आणायला अख्खा दिवस कशाला? अर्ध्या तासात जाऊन या की!"

तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला. मग खो खो हसला, आणि संध्याकाळपर्यंत सगळी शाखा हसत होती. झाडीपट्टीतली मंडई म्हणजे गावची जत्रा. भाऊबीजेपासून गावोगाव ती भरू लागते. दिवसा बाजार आणि दंडारीचा नाच. लेकीबाळी, सोयरेधायरे घरी आलेले. एखाद्या मुलीसाठी स्थळ पाहून ठेवायचं तेही त्याच गर्दीत. आणि रात्री नाटक! ते सुरू होतं जेवणं उरकल्यावर आणि संपतं कोंबडा आरवल्यावर. या झाडीपट्टी रंगभूमीचं मोठं केंद्र वडसा, म्हणजे देसाईगंज. तिथल्या मंडळ्या दिवाळीनंतर जे निघतात ते होळीच्या सुमाराला घरी परततात. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्यामुंबईच्या बऱ्याच लोकांना या रंगभूमीचं नाव प्रथम कळलं. मला ते कळलं होतं रजेच्या अर्जावरून.

कारकुनाला रजा दिली, आणि त्याच्याबरोबर मीही गेलो. रात्रभर नाटक पाहिलं, सकाळी कर्जाचे कागद डोळे मिटून तपासले.

दुसरी फजिती मामांची. एका शेतकऱ्याच्या अर्जात लिहिलेलं होतं, 'ओलिताचे साधन : मामा तलाव.' मी विचारलं, "मामांची संमती घेतली आहे का? त्यांची सही लागेल." हे मामा म्हणजे कुणाच्या आईचे भाऊ नव्हेत. माजी मालगुजारी तलाव, त्याचा झाला मामा तलाव! मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली, तलाव सरकारजमा झाले, सरकारी कागदावर त्यांच्यामागे 'माजी' लागलं, आणि लोकांनी दोन अक्षरं उचलून त्यांना घरातलं नातं देऊन टाकलं. शतकानुशतकं या तलावांनी धान पिकवला. ते बांधण्यात कोहळी समाजाचं कसब मोठं. इतकं पाणी देणाऱ्याला मामा नाही म्हणायचं तर कुणाला म्हणायचं?

येथवर सगळं हसण्यावारी होतं. पुढची गोष्ट हसण्याची नाही.

डिसेंबर महिना, दुपारची वेळ, खिडकीपुढे गर्दी. एक पन्नाशीचा माणूस माझ्या टेबलापाशी आला. अंगात मळकी बंडी, हातात टोपी. म्हणाला, "सायेब, आमचा पुंजना जरला जी."

मला 'जरला' कळलं नाही. विचारलं तेव्हा त्याने हाताने ज्वाळा दाखवल्या. जळला. बरं, काय जळलं? पुंजना. मला वाटलं, पुंजका. म्हणजे गवताचा, पालापाचोळ्याचा एखादा ढीग असेल. त्या दिवशी वरून तपासनीस यायचे होते. मी म्हणालो, "फार वाईट झालं. पण आज गर्दी आहे. पुढल्या सोमवारी या." तो थोडा वेळ उभा राहिला. मग "हो जी" म्हणाला आणि गेला.

चहा घेऊन आमचा शिपाई आला. "तो कायले आलता, सायेब?"

"त्याचा कसलासा पुंजना जळला म्हणे."

शिपायाने कपबशी टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे हातातून सुटायची ती कशीबशी टेकली. मग त्याने मला समजावून सांगितलं. धान कापला की त्याच्या कडपा बांधीतच पसरून ठेवतात. वाळल्या की भारे बांधायचे आणि सगळे भारे एके जागी रचायचे. लोंब्यांत दाणा तसाच असतो. सवड होईल तशी पुढे चुरणी करायची. ती जी रचून ठेवलेली गंजी, तो पुंजणा. म्हणजे रोवणीपासून कापणीपर्यंतचे सगळे कष्ट, वर्षभराचं खाणं, पुढच्या वर्षाचं बियाणं, गुरांची तणस आणि आमच्या बँकेचं कर्ज, सगळं त्या एका ढिगात. आणि मी त्या माणसाला सोमवारी या म्हणालो होतो.

मी तसाच एस.टी. स्टँडवर धावलो. गाडी सुटून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपायाला मागे बसवून स्कूटरवरून त्याच्या गावी गेलो. बांधीच्या कोपऱ्यात अंगणाएवढा काळा गोल डाग होता. त्या माणसाची म्हातारी आई राखेपाशी बसून सुपाने राख पाखडत होती आणि अर्धेमुर्धे भाजलेले दाणे बाजूला काढत होती. तलाठ्याकडून पंचनाम्याची नक्कल घेतली, अर्ज लिहिला, कर्जाची मुदत वाढवून मिळण्यासाठी नियमात जे बसत होतं ते केलं. जे बसत नव्हतं ते पुष्कळ होतं. तो माणूस मला एक शब्द वावगा बोलला नाही. निघताना गुळाचा चहा मात्र आग्रहाने पाजला.

घरी आल्यावर मुलाची एक कोरी वही घेतली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'पुंजणा.' माझ्या शब्दसंग्रहाचा आरंभ हा असा आहे.

मग मात्र मला चटकच लागली. बांधी म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा. बोडी म्हणजे तलावाची धाकटी बहीण. धानाची रोपं ते परहे. रोवणी न करता बी सरळ फेकून पेरलं तर ती आवत्या. तेंदूपत्ता जिथे जमा करतात ती फळी. आमच्याकडे फळीवर लोणच्याची बरणी असते, तिथे फळीवर अख्खं गाव असतं. एप्रिल-मेच्या उन्हात पहाटे निघून पानं तोडायची, घरी बसून ७० पानांचा एकेक पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचा. विडी ओढणाऱ्याने हा हिशेब एकदा ऐकावा.

एक चूक मीही पुष्कळ दिवस करीत होतो, ती कबूल करतो. शिपायाची मुलगी आमच्याकडे गणित शिकायला यायची. ती 'पानी' म्हणाली की मी 'पाणी' म्हणायचो, ती 'डोरा' म्हणाली की मी 'डोळा' म्हणायचो. पोर गप्प झाली. पुढेपुढे प्रश्न विचारीनाशी झाली. मग एके दिवशी साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांच्या कामाची माहिती झाली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या टापूतल्या बोलीला झाडीबोली हे नाव देऊन त्यांनी तिचा शब्दकोश केला, तिचं व्याकरण मांडलं. या बोलीत 'ण' नाही, 'ळ' नाही, 'श' नाही. म्हणजे ती मुलगी चुकत नव्हती. तिच्या बोलीचा नियम ती चोख पाळत होती. नियम मला ठाऊक नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, "आता तू मला शिकव." तिने मला पहिल्या तासाला सात वेळा चुकवलं, आणि चुकवताना इतकी खूश होती की काय सांगू!

शब्दांच्या या वाटेवर घरचीही माणसं कशी भेटतात पाहा. एकदा आमच्या हिला घेऊन धानोऱ्याच्या आठवडी बाजारात गेलो. एक गोंड बाई चारोळी विकत होती. ही म्हणाली, "चारोळीचं झाडही असतं होय? मला वाटलं, वाण्याच्या पुडीतच होते." झाडाचं नाव चार, त्याच्या फळाची बी फोडली की आत चारोळी. श्रीखंडावर आपण ज्या मोजून चार टाकतो, त्या अशा फोडून काढाव्या लागतात. बाई पेल्याने मापं टाकत स्वतःशीच मोजत होती, "उंदी, रंड, मूंद, नालूंग..." आमची ही माहेरची बेळगावची. एकदम माझं मनगट धरून म्हणाली, "अहो, हे तर आमचं कानडी! ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु!" आणि खरंच, गोंडी भाषा मराठीच्या कुळातली नाही, ती तेलुगु, कानडी, तमिळ यांच्या द्राविडी कुळातली. आम्ही ज्यांना रानातले म्हणतो त्यांचं नातं थेट हिच्या माहेराशी निघालं. त्या बाईला कानडीतले आकडे ऐकवले, तेव्हा तिने एक माप जास्त घातलं. माहेरच्या माणसाला घालावं तसं.

मोल्सवर्थ साहेबाने १८३१ साली मराठीचा कोश काढला, १८५७ साली तो वाढवून पुन्हा काढला. दाते-कर्वे यांनी १९३२ पासून महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड सिद्ध केले. हे डोंगर उचलणारे लोक. पण मला जवळचे वाटतात ते मारुती चितमपल्ली. सोलापूरच्या तेलुगुभाषक घरात जन्मलेला हा माणूस वनखात्याच्या नोकरीत विदर्भाच्या जंगलांतून वर्षानुवर्षं हिंडला आणि रानातल्या माणसांकडून पाखरांची, झाडांची नावं टिपत राहिला. शब्द सापडला तर घेतला; नाही सापडला तर घडवला. कावळ्यांच्या वसाहतीला काकागार, बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार. २००६ साली ते सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला ते गेले. बातमी वाचली तेव्हा मी वही काढून बसलो होतो. वाटलं, आपण फार तर दोनशे शब्द जमवले आणि केवढा तोरा मिरवला!

तोरा उतरवायला खरं म्हणजे आमचा शिपाईच पुरेसा होता. माझी बदली पुन्हा पुण्याला झाली तेव्हा निरोपसमारंभात मी वही दाखवून जरा भाषण केलं. नंतर तो हळूच म्हणाला, "सायेब, सारं लिवून घेतलं तुमी. पर बोलता कोटी?"

हे मला लागलं. खरंच, नानांची आगपेटी आणि माझा शब्द यांत फरक काय? दोन्हींत काडी नाही.

ती वही आता पुण्याच्या घरात आहे. मी निवृत्त झालो त्यालाही बरीच वर्षं झाली. गेल्या दिवाळीची गोष्ट. गच्चीवर शाकारणीसाठी आणलेलं गवत रचून ठेवलं होतं. आमच्या नातीच्या शाळेत किल्ल्यावर झोपड्या करायच्या होत्या. नात हातात पेटती फुलबाजी घेऊन त्या गवताभोवती गिरक्या घेऊ लागली. मी जिन्यात होतो. तोंडून एकदम निघून गेलं, "अगं ए, लांब हो! पुंजना जरंल!"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. सुनेला वाटलं, आजोबांना चक्कर आली. नात फुलबाजी विझवून पाण्याच्या बादलीत टाकून आली आणि म्हणाली, "आजोबा, पुंजना म्हणजे काय?"

मी तिला पायरीवर शेजारी बसवलं आणि ती काळ्या डागाची, सुपाने राख पाखडणाऱ्या आजीची गोष्ट सांगितली. वही आणायला उठलो नाही. तिची गरज पडली नाही.