विधी आणि तंत्रज्ञान (पदव्युत्तर अभ्यास)

विधी आणि तंत्रज्ञान ही एलएल.एम. पातळीवरील अभ्यासशाखा असून तीत सायबर गुन्हे, बौद्धिक संपदा, वैयक्तिक विदेचे संरक्षण व संगणकीय पुरावा हे विषय येतात. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा तिचा भारतातील पाया होय.

नाव नवे असले तरी शाखेचा गाभा पुराव्याचा, म्हणजे जुनाच आहे. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. त्यांचे उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाल्याचा आक्षेप कैलास गोरंट्याल यांनी घेतला आणि वाद निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणापाशी आला. वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी त्याचे प्रमाणपत्र दिले नाही. मूळ उपकरण हजर नसल्यास प्रमाणपत्र अनिवार्य, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी ठरवले. मात्र सर्व प्रयत्न करूनही ते न मिळालेल्या पक्षकाराला त्यातून सूट दिली.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्रावर तज्ज्ञाचीही स्वाक्षरी व नोंदीचे हॅश मूल्य लागते. कल्याण तालुक्यातील खडवलीच्या शेतकऱ्याने जमिनीच्या वादात मोबाइलवरील संदेशाची प्रत पुढे केली, तरी अट हीच. शहरातील कंपन्यांना असे तज्ज्ञ सहज मिळतात. त्याला तो शोधावा लागेल. शिवाय कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी, तर हा अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी इंग्रजीत शिकवला जातो. हॅश मूल्य म्हणजे काय, हे मराठीत सांगणारे पाठ्यपुस्तक ही या शाखेची पहिली गरज आहे.