आतड्याचा आजार, मूळ मात्र रक्तपेशींत

लहान मुलाच्या शौचावाटे वारंवार रक्त जाऊ लागले आणि वजन घटू लागले, की भारतात प्रथम संशय येतो तो जंतुसंसर्गाचा किंवा आतड्याच्या क्षयाचा. देशातील क्षयाचा प्रसार पाहता तो अनाठायी नाही. त्यानंतर विचार होतो ‘क्रॉन्स’ या आतड्याच्या दाहक विकाराचा. मात्र सहा वर्षांखालील मुलांत आणखी एक शक्यता पडताळणे अगत्याचे असते. ती म्हणजे जन्मजात जनुकीय दोष.

‘क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज’ अर्थात ‘सीजीडी’ हा असाच एक दुर्मिळ विकार आहे. यात रक्तातील भक्षक पेशी जंतूंना गिळतात. परंतु त्यांचा नाश करणारी रसायने त्यांना पुरेशी निर्माण करता येत नाहीत. त्यामुळे फुप्फुसे, यकृत व लसिकाग्रंथींत गंभीर संसर्ग होतात. अनेक रुग्णांच्या आतड्यालाही दाह होतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो क्रॉन्ससारखाच दिसू शकतो.

ही गल्लत महागात पडते. क्रॉन्सवर गुणकारी ठरणारी इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधे प्रतिकारशक्तीचा एक मार्ग रोखतात. सीजीडीच्या रुग्णांत त्यांच्या वापरानंतर प्राणघातक संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत. वास्तविक, थोड्याशा रक्तावर होणारी ‘डीएचआर’ चाचणी हा संशय दूर करू शकते. मुंबईची ‘एनआयआयएच’ आणि चंडीगडची ‘पीजीआयएमईआर’ या संस्थांत अशा प्रतिकारदोषांच्या निदानाचे काम चालते.

रक्तमूळपेशींचे प्रत्यारोपण यशस्वी झाल्यास संसर्ग आणि आतड्याचा दाह या दोहोंचे मूळच नाहीसे होते. केंद्राच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात सीजीडीचा समावेश एकवेळच्या उपचाराने बऱ्या होऊ शकणाऱ्या विकारांच्या गटात आहे. निर्धारित उत्कृष्टता केंद्रांतील उपचारांसाठी २०२२ पासून ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. मुंबईचे केईएम रुग्णालय या केंद्रांपैकी एक आहे.

तथापि, ही मदत निदान झाल्यावरच मिळते. जिल्हा रुग्णालयात बालकाला वारंवार झालेले संसर्ग आणि आतड्याची तक्रार यांची सांगड घातली गेली नाही, तर चाचणीची शिफारसच होत नाही. निदानाचा लाभ एका रुग्णापुरताही नसतो. कुटुंबातील दोष वेळीच कळल्यास पुढच्या बाळाची तपासणी होईपर्यंत बीसीजी ही जिवंत जंतूंची लस थांबवता येते. निधीइतकेच लक्ष आता या पहिल्या तपासणीकडे दिले गेले पाहिजे.