संदर्भांच्या मोजणीत मराठीचा भाषाभ्यास

हिंगोली (प्रतिनिधी) : ३ ऑक्टोबर २०२४ या एकाच दिवशी दिल्लीत दोन निर्णय झाले. केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि राज्यभर त्याचे स्वागत झाले. त्याच दिवशी विद्यापीठ अनुदान आयोगाने संशोधन नियतकालिकांची ‘केअर’ ही मान्यताप्राप्त यादी बंद करण्याचे ठरविले. हा निर्णय फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाला, पण त्याची चर्चा प्राध्यापकांच्या खोल्यांबाहेर फारशी आलीच नाही. हिंगोली, वसमत वा कळमनुरीत मराठी शिकविणाऱ्या अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र दुसरा निर्णय अधिक निकटचा आहे.

यादी गेली, आता संशोधनाची प्रत ठरवायची कशावरून? हाताशी असलेले सोपे माप म्हणजे ‘सायटेशन’, अर्थात अन्य संशोधकांनी केलेल्या संदर्भोल्लेखांची संख्या. त्यातूनच २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी ‘एच-निर्देशांक’ सुचविला. एखाद्याच्या दहा लेखांचा प्रत्येकी किमान दहा वेळा उल्लेख झाला असेल, तर त्याचा निर्देशांक दहा. हिशेब सरळ आहे, पण तो ज्या संगणकीय सूचींवर चालतो, त्यांत मराठी नियतकालिके जवळजवळ नाहीतच.

याचा अर्थ काय होतो, हे अशोक केळकर यांच्या उदाहरणावरून ध्यानात येते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९५८ मध्ये मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर आणि रूपव्यवस्थेवर पीएच.डी. करून आलेले केळकर पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक होते. लहान मुलांशी बोलताना मराठी माणसे वापरतात त्या बोबड्या भाषेवरचा त्यांचा इंग्रजी लेख १९६४ मध्ये ‘वर्ड’ या नियतकालिकात आला. बालभाषेचे अभ्यासक त्याचा उल्लेख करीत आले आहेत. उलट ‘वैखरी’ किंवा ‘मराठी भाषेचा आर्थिक संसार’ या मराठी पुस्तकांचा प्रभाव मराठी लेखांच्या तळटिपांत विखुरलेला आहे, आणि त्या तळटिपा कोणतेही यंत्र वाचीत नाही. ‘रुजुवात’ला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, मोजणीत मात्र तो जमेस धरला जात नाही.

आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतील तक्ताही बोलका आहे. भाषाविषयक एका शोधनिबंधाला १० गुण आणि राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या अख्ख्या पुस्तकालाही १०! दहा वर्षे खपून ग्रंथ लिहिण्यापेक्षा चार महिन्यांत निबंध उरकावा, हा व्यवहारी निष्कर्ष कोणी काढला तर त्याला दोष कसा द्यावा?

हिंगोलीसारख्या जिल्ह्याला याची झळ अधिक बसते. अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली १९६३ पासून मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची जी पुस्तिकामाला निघाली, तिचा भर कुडाळी, वारली, कासरगोडची मराठी अशा किनारपट्टीच्या बोलींवर होता. मराठवाडा बाहेरच राहिला. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने अलीकडे राज्यभरच्या बोलींचे ध्वनिमुद्रित नमुने महाजालावर खुले केले, हे स्तुत्य आहे. पण कळमनुरी तालुक्यातील आंध समाजाची बोली किंवा तांड्यांवरची गोरमाटी यांचे सखोल वर्णन स्थानिक अभ्यासकानेच करावे लागेल. ते त्याने मराठीत लिहिले, तर बोलणारे वाचतील, निर्देशांक शून्य राहील. इंग्रजीत लिहिले, तर उलट.

ही कोंडी फुटू शकते. ब्राझीलने १९९८ मध्ये ‘सायलो’ हा उपक्रम सुरू करून पोर्तुगीज नियतकालिके खुली आणि मोजण्याजोगी केली; स्पॅनिशभाषक देश त्यात सामील झाले. मराठीत ‘भाषा आणि जीवन’सारख्या त्रैमासिकांचे जुने अंक, त्यांतील संदर्भसूचींसह, शोधता येतील अशा रूपात आणणे हे काही अवाढव्य काम नव्हे. अभिजात दर्जापोटी येणाऱ्या निधीतील काही वाटा आधी या कामाकडे वळवायला हवा. पुरस्कार आणि अध्यासने त्यानंतर.