कोपऱ्यावरचा जेर महाल

मुंबईत धोबी तलावाच्या कोपऱ्यावर जेर महाल उभा आहे. तळमजल्यावर १९०४ पासूनचे कयानी हे इराणी कॅफे, तिथला ब्रून मस्का आणि मावा केक. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून इतर दुकानदार टाळत, ती इराण्यांनी घेतली, असे सांगतात. दोन रस्त्यांचे गिऱ्हाईक आणि दोन्हीकडून उजेड, हा त्यांचा हिशेब मात्र नक्कीच पक्का होता.

वरच्या मजल्यांवर गोव्याच्या गावांचे ‘कूड’, म्हणजे त्या त्या गावच्या माणसांची सामायिक वसतिस्थाने. बोटीवर नोकरी शोधणारा खलाशी आपली पेटी घेऊन इथेच उतरे. संध्याकाळी सगळे मिळून प्रार्थना करत. एका जिन्याने इराण आणि गोवा जोडलेले असे घर मुंबईत दुसरीकडे सहज सापडायचे नाही.

अशा इमारतींना वारशाचा दर्जा दिला की दर्शनी भाग जपला जातो. आतल्या बेकरीच्या भट्टीला आणि कूडाला तेवढे संरक्षण नाही. १९४७ च्या भाडे कायद्याने एकेकाळी गोठवलेल्या आणि अजूनही तुटपुंज्या भाड्यांत लाकडी तुळया बदलणे मालकाला परवडत नाही. महापालिकेने आणि म्हाडाने दुरुस्तीचा खर्च उचलावा, आणि जुन्या भाडेकरूंना त्याच जागी ठेवण्याची अट आधी लेखी घालावी.